पोटातून पायात उतरलेलं दुखणं

त्या रविवारी मेसमध्ये चिकन होतं. आठवड्यातून एकदाच असायचं, त्यामुळं क्लासची पोरं त्या दिवशी वेळेच्या आधीच येऊन पायऱ्यांवर बसायची. लातुरात क्लासेसच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचं शेड, एवढ्यात माझी मेस चालायची. नवरा डाळमिलमध्ये मशीनवर, मुलगी शाळेत. घरून चार डबे देता देता पोरं वाढत गेली आणि मी ही जागा भाड्यानं घेतली. नांदेडची, परभणीची, हिंगोलीची, कुठकुठची पोरं डॉक्टर व्हायचं म्हणून इथं येतात. येतात तेव्हा सोळा वर्षांची असतात, आणि आईच्या हातच्या वरणाची आठवण काढून रडतात. मला ती मावशी म्हणायची, आणि माझ्याबरोबर मेसमध्ये राबणाऱ्या दुसरीला मोठी मावशी.

मोठी मावशी म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही भावंडं तिला अक्का म्हणतो. आमचं माहेर नायगावजवळचं. अक्काला बिलोलीकडं दिली होती. तिच्या नवऱ्यानं दुसरा संसार थाटला आणि ही एका पिशवीनिशी दादाकडं नांदेडला आली. आई-वडील तोवर गेले होते. दादाच्या दोन खोल्यांत ती दिवसभर भिंतीला टेकून बसायची, कुणाशी बोलायची नाही. मीच दादाला म्हणाले, "तिला माझ्याकडं लातूरला धाड. हाताला काम लागलं की सुधारंल."

आणि ती सुधारली. महिन्याभरात तिचा आवाज परत आला. अक्काला बोलणं छान जमायचं. पोरांच्या आयांचे फोन आले की ती म्हणायची, "अवो, तुमचं लेकरू ते आमचं लेकरू. काळजी करू नका." समोरची बाई तेवढ्यावरच निर्धास्त व्हायची. मी तव्यापाशी आणि ती माणसांपाशी, अशी आमची आपोआप वाटणी झाली. मला ते बरंच वाटायचं. मला भट्टीसमोर बोलायला सुचत नाही.

त्या रविवारी मी भाकरी थापत होते. चिकन अक्कानं आणलं, तिनंच नळाखाली धुतलं, तिनंच शिजवलं. कांदा-काकडीची कोशिंबीरही तिनंच केली. मी चिकन फारसं खात नाही. शेवटी बसले तेव्हा भाकरी, आमटी आणि वाटीभर उरलेली कोशिंबीर खाल्ली.

दोन-तीन दिवसांनी मला ताप भरला. आधी नुसतंच अंग मोडून आलं, डोकं ठणकायला लागलं. मग पोटात मुरडा उठला. तो असा होता, की कुणी ओलं कापड पिळावं तसं आतडं पिळलं जायचं. संडासला जाऊन आले, की परत जायचं. दुसऱ्या दिवशी त्यात रक्त दिसलं. दुखणं उजव्या बाजूला खाली इतकं होतं, की गल्लीतल्या डॉक्टरांना आधी अपेंडिक्सची शंका आली. सोनोग्राफीत तसं काही निघालं नाही. मग रक्त तपासून टायफॉइडची औषधं सुरू झाली. त्याच आठवड्यात मेसच्या तीन-चार पोरांचीही पोटं बिघडली होती, पण ती लवकर बरी झाली. मला आठवडा लागला.

त्या आठवड्यात अक्कानं माझं सगळं केलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते खरं आहे. मला ताक-भात भरवला, माझी खराब झालेली पातळं धुतली, दोन्ही वेळची मेस एकटीनं ओढली. मी म्हणाले, "अक्का, तू नसतीस तर मी मेलेच असते." ती म्हणाली, "गप पड. लई बोलू नको."

बरी होऊन मी पुन्हा तव्यापाशी उभी राहिले. अशक्तपणा होता, पण तो असणारच. काही दिवसांनी पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, उभं राहून येत असतील. मग हातांच्या बोटांनाही आल्या. एका सकाळी पिठाची परात उचलायला गेले तर उचलेना. नेहमीची परात, नेहमीचं पीठ. मनगटंच वाकली. दुसऱ्या दिवशी शेडची पायरी चढताना गुडघे दुमडले आणि मी सगळ्या पोरांसमोर खाली बसले. कुणी ढकलल्यासारखी पडले नव्हते. पायांनी मला खाली ठेवून दिलं होतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी ताकदीचं इंजेक्शन दिलं आणि आराम सांगितला. संध्याकाळपर्यंत मला भिंत धरल्याशिवाय संडासपर्यंत जाता येईना. नवऱ्यानं दादाला फोन लावला. दादा नांदेडला एका मोठ्या दवाखान्याजवळ राहतो, तिथल्या लोकांना ओळखतो. "तिथं बसून राहू नका," तो म्हणाला, "गाडी करा आन् हिकडं घेऊन या." मागच्या सीटवर मी अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून नांदेडपर्यंत गेले. लोहा आलं तेव्हा अक्कानं पाणी पाजलं, ते ओठांच्या कोपऱ्यातून गळून गेलं. तोंड नीट मिटत नव्हतं.

नांदेडच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी गुडघ्यावर छोट्या हातोडीनं ठोकलं. पाय हलला नाही. दुसऱ्यावर ठोकलं. तोही नाही. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मला तेव्हा अगदी विचित्र वाटला.

"मागच्या महिन्याभरात तुम्हाला जुलाब झाले होते का?"

मी हो म्हणाले. पाय गळून गेलेत आणि ह्या पोटाचं काय विचारून राहिल्या, असं मनात आलं. त्यांनी पाठीतलं पाणी काढलं, हातापायांना बारीक विजेचे झटके देऊन नसा तपासल्या, शौचाचा नमुना दुसऱ्या शहरातल्या लॅबला पाठवला. त्यांना एका जंतूची शंका होती, तो साध्या तपासणीत सापडत नाही, म्हणाल्या. पण निदान त्यांनी आधीच केलं होतं आणि औषधही सुरू केलं होतं. नमुन्याचं उत्तर आलं तेव्हा त्या माझ्या खाटेशी बसल्या. एका बाजूला नवरा उभा होता, पायथ्याशी अक्का.

जंतूचं नाव लांबलचक होतं, कॅम्पिलोबॅक्टर. मी ते त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

"हा बहुतेकदा कच्च्या कोंबडीतून येतो," डॉक्टर म्हणाल्या. "नीट शिजवलं की मरतो. पण कच्चं मांस नळाखाली धुतलं की पाणी उडतं. किंवा तोच पाट, तीच सुरी कोशिंबिरीला घेतली, की पोटात जातो. बहुतेकांना आठवडाभर त्रास होतो आणि माणूस बरा होतो. एखाद्यालाच पुढं असं होतं."

"पण पायांचा काय संबंध?" नवऱ्यानं विचारलं.

"जंतूशी लढायला शरीर आतून जे काही तयार करतं, ते कधीकधी चुकतं. ह्या जंतूचं वरचं आवरण आणि आपल्या नसांवरचा थर थोडासा सारखा असतो. शरीराला फरक कळत नाही. जंतू संपतो, पण मारा थांबत नाही. तो नसांवर होतो. पायांपासून सुरू होतो आणि वर सरकतो."

मग अक्कानं विचारलं. तिचे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात.

"मॅडम, हे हिच्यापासून दुसऱ्याला होतंय का? आमची मेस हाय. लेकरं जेवतेत."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पायांचं हे दुखणं कुणापासून कुणालाही लागत नाही. पोटाचा जंतूसुद्धा माणसाकडून माणसाला क्वचितच जातो, हात साबणानं धुतले की पुरे. यांची भीती बाळगू नका. स्वयंपाकघरात कच्च्या मांसाचा पाट मात्र वेगळा ठेवा."

अक्कानं मान हलवली आणि खाली बघत राहिली. मला कोशिंबीर आठवली होती. तिलाही आठवली असणार. तिनं मुद्दाम थोडंच केलं होतं? एवढ्या घाईत कुणाच्याही हातून होतं. मला खरंच तसंच वाटत होतं, आणि तिला त्याचं वाईट वाटू नये म्हणून मी हातानं तिला जवळ बोलावलं. हात अर्ध्यातूनच खाली पडला.

पुढचे दिवस अतिदक्षता विभागात गेले. डॉक्टर येऊन म्हणायच्या, एका दमात आकडे मोजा. छातीच्या स्नायूंत किती जोर उरलाय ते त्यावरून कळतं. आज जिथपर्यंत पोचले, उद्या त्याच्या अलीकडंच दम तुटायचा. श्वासाच्या मशीनपर्यंत वेळ येते की काय, अशी अवस्था होती. आणि मग एके दिवशी आकडा घसरायचा थांबला. तिथंच राहिला. नंतर हळूहळू पुढं सरकला. डॉक्टर हसल्या तेव्हा मला कळलं, की त्या इतके दिवस हसल्या नव्हत्या.

दवाखान्यातून दादाच्या घरी आले ती लाकडासारखी. उठवायला दोघं लागायची. वहिनीनं मला न्हाऊ घातलं, केस विंचरले. अक्का इथं राहायची तेव्हा जिच्या कपाळावर आठी होती असं मला वाटायचं, तीच ही वहिनी. रिक्षानं मला रोज व्यायामाला न्यायची. अक्का तोवर मेस सांभाळायला लातूरला परत गेली होती. मुलगीही शाळेमुळं तिच्याजवळच होती. सुरुवातीला अक्काचा रोज फोन यायचा.

"पोरं कशी हायत?"

"ब्येस हायत. तुझी आठवण काढतेत. तू लवकर बरी हो, मी हाय ना हितं."

ते "मी हाय ना" ऐकून मला झोप लागायची. पुढं फोन कमी झाले. मी लावला तर, गडबडीत आहे, म्हणायची. नवरा सुटीच्या दिवशी यायचा, पण मेसचं विचारलं की मुलीच्या अभ्यासाचं बोलायला लागायचा. मला वाटलं, माणसं थकलीत. माझ्या दुखण्यानं सगळ्यांनाच थकवलंय.

व्यायामाच्या खोलीत दोन दांड्यांच्या मध्ये चालायला शिकत होते, तेव्हा एक बाई माझ्याकडं टक लावून बघताना दिसली. नायगावची होती. सासूच्या मोडलेल्या हाताच्या व्यायामाला आली होती. तिचा मुलगा माझ्याकडं जेवायचा. मी तिला ओळखलं आणि हसले. ती हसली नाही. दोन पावलं मागंच सरकली.

"ताई, बऱ्या हाव का आता?" तिनं लांबूनच विचारलं. "ते... गेलं का तुमचं?"

"काय गेलं का?"

"तुमच्या पोटातलं. मोठ्या मावशी म्हणल्या, तुमच्या अंगात लागणीचा रोग होता. तुम्ही सांगितलाच न्हाई आन् तसंच रांधत ऱ्हायल्या. त्याच्यामुळंच लेकरांची पोटं बिघडली म्हणं. म्हणून तर त्यांनी ती जागा सोडली. नव्या जागी नवी मेस टाकली, सगळं भांडंकुंडं धुऊनपुसून. माझं पोरगं तिथंच जेवतंय आता."

माझे दोन्ही हात दांड्यांवर होते. ते सोडता येत नव्हते, नाहीतर तोंड झाकलं असतं. मी तिला एवढंच विचारलं, "कधी सांगितलं तिनं हे?"

"दिवाळीच्या आधीच की. सगळ्या आयांना फोन केलते त्यांनी."

दिवाळीच्या आधी मी आकडे मोजत होते.

घरी येऊन नवऱ्याला फोन लावला. त्यानं आधी मुलीच्या अभ्यासाचंच काढलं. मग म्हणाला, "तुला सांगणारच होतो. तुला जरा उठून बसू दे म्हणलं." म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. पोरं सोडून चालली होती, अक्का म्हणाली काहीतरी सांगावं लागेल, तो म्हणाला तुम्हाला योग्य वाटेल ते करा. नवी जागा बघायलाही तोच तिच्याबरोबर गेला होता. पाटी अक्काच्या नावाची लागली तेव्हा त्याला जरा खटकलं, म्हणाला. जरा.

त्या दिवसानंतर मी व्यायाम असा केला, की शिकवणारा म्हणायचा, ताई, दमानं घ्या, नसा जोर करून वाढत नाहीत. मला लातूरला माझ्या पायांनी जायचं होतं. थंडी संपत आली तेव्हा काठी आणि डाव्या पायात प्लास्टिकची पट्टी एवढ्यावर मी चालायला लागले. दादा सोबत येतो म्हणाला. मी नको म्हणाले. वहिनीनं एसटीत बसवून दिलं आणि खिडकीतून म्हणाली, "भांडू नका. फकस्त विचारा."

नवी मेस मोठी होती. स्टीलची टेबलं, भिंतीला पांढऱ्या फरश्या. जेवणाची वेळ संपून गेली होती. अक्का टेबल पुसत होती. मला बघून तिनं आधी माझ्या पायांकडं बघितलं.

"चालायलीस की," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंदही होता. मी खोटं सांगणार नाही, होता.

मी खुर्ची ओढून बसले. "अक्का, डॉक्टर काय म्हणाल्या ते तू ऐकलं होतंस. तूच विचारलं होतंस. तुझ्यासमोर त्या न्हाई म्हणल्या."

"हाव."

"मग?"

तिनं फडकं पिळलं, परत पुसायला लागली. "आयांचे फोन येऊन राहिले होते. लेकरांची पोटं कशानं बिघडली, मावशीला काय झालं. पोरं निघून चालली. काय सांगू? चिकनचं सांगितलं असतं तर मेसच बसली असती."

"म्हणून माझं सांगितलं."

"तू तर पडूनच होतीस. तुला त्याचं काय लागणार होतं?"

"माझं नाव लागलं ना, अक्का."

ती थांबली. मग तिनं जे बोलायला नको होतं ते बोलली. कदाचित मुद्दाम नसेल, तोंडातून निसटलं असेल.

"तू परत उठशील असं कुणाला वाटलं होतं?"

गच्चीवरच्या टाकीतून पाणी गळत होतं, त्याचा आवाज येत होता. मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते. स्वतःसाठी की माझ्यासाठी, ते मला कळलं नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही राहिली नव्हती.

"एकदा नवऱ्यानं रस्त्यावर टाकलं मला," ती म्हणाली. "परत तसं व्हायचं न्हवतं. तू मेली असतीस तर मी कुठं जाणार होते? तुझा नवरा ठेवून घेणार होता का? मला माझं बघावं लागलं."

"मी तुला आणलं तेव्हा मी माझं बघितलं होतं का?"

तिनं फडकं खुंटीला लावलं. "चहा ठेवते," म्हणाली. मी उठले. उठायला वेळ लागला, टेबलाचा आधार घ्यावा लागला. ती हात द्यायला पुढं आली, मी तो घेतला नाही.

मला पुष्कळांनी समजावलं. दादा म्हणाला, ती लाचार झाली होती. शेजारीण म्हणाली, सख्खी बहीण हाय, सोडून द्या. मी विचार केला नाही असं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की शरीर चुकतं, त्याला फरक कळत नाही, म्हणून ते आपल्याच नसांवर उलटतं. त्या दुखण्यावर मी कधी रागावले नाही. आंधळेपणानं झालेलं ते. अक्काला मात्र फरक कळत होता. तिच्या कानांनी ऐकलं होतं. सुरुवातीला रोज फोनवर "मी हाय ना" म्हणणारी तीच, आणि त्याच फोनवरून पोरांच्या आयांना माझ्याबद्दल सांगणारीही तीच. त्या दोन्ही अक्का म्हणजे एकच बाई आहे, हे मला अजून नीट पचत नाही.

नवऱ्याशी मी बरेच दिवस कामापुरतंच बोलले. शेवटी एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "मी भ्यालो होतो." मी म्हणाले, "मी पण भ्याले होते. पण मी तुमचं नाव कुणाला विकलं न्हाई." त्यानं ताट बाजूला सरकवलं आणि रडला. मी भाजी वाढली. संसार आहे, तो चालला आहे. पण पूर्वी मी त्याच्या खांद्याला टेकून बसायची, ते आता जमत नाही.

उन्हाळ्यात दादाच्या मुलीचा साखरपुडा झाला, नांदेडला. अक्का आली होती. वहिनीला काय करावं कळेना, तिनं आम्हा दोघींना लांब लांब बसवलं. जेवताना अक्का वाढायला उठली. माझ्या पंगतीत आली तेव्हा भाताचं भांडं हातात धरून क्षणभर उभी राहिली. मी ताट पुढं केलं नाही, मागंही घेतलं नाही. तिनं थोडा भात वाढला. "पाय कसा हाय?" तिनं हळूच विचारलं. "डावा अजून ओढतो," मी सांगितलं. ती पुढं गेली. आमच्यात तेवढंच झालं, आणि तेव्हापासून तेवढंच आहे.

मी पुन्हा डबे सुरू केलेत, घरातूनच. उंच स्टुलावर बसून पोळ्या करते. बोटांना अजून बारीक मुंग्या असतात, पण मनगटं परत आलीत. चिकन करत नाही. नवी पोरं येतात तेव्हा त्यांच्या आया फोन करतात आणि घुटमळत विचारतात, "ताई, ते तुमचं काहीतरी ऐकलं होतं..." आधी मी फोन ठेवून द्यायची. आता सांगते. जंतूचं नाव सांगते, जुलाबाचं सांगते, पायांचं सांगते, डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगते. एवढं बोलणं मला पूर्वी जमायचं नाही. काही जणी ऐकून घेतात. काही मध्येच म्हणतात, "बरं बरं, बघते," आणि पुन्हा त्यांचा फोन येत नाही.

परवा बिलोलीकडच्या एका आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "एवढं झालं तुम्हाला? मग हे लागणीचं हाय असं कुणी सांगितलं लोकांना?"

नाव ओठांवर आलं होतं.

"घरच्याच माणसानं," मी म्हणाले, आणि डबा उद्यापासून द्यायचा का ते तिला विचारलं.